कडूबांच्या तोंडातलं सफरचंद

कडूबांना गप्प बसायला सांगायचं म्हणजे फ्यूज काढून घ्यायचा आणि वर दिवा का लागत नाही म्हणून विचारायचं. जालन्याकडच्या खेड्यात एका मास्तरांच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेला हा माणूस पुढं जन्मभर वायरमन होता. खांबावर चढला की खालच्या लोकांशी बोलायचा, खाली उतरला की खांबाबद्दल बोलायचा. मुलाकडं इंग्लंडात ब्रॅकनेलला येऊन बरीच वर्षं झाली, पण विषय कधी कमी पडला नाही. जीपीच्या, म्हणजे तिथल्या डॉक्टरच्या, रिसेप्शनवरची बाई त्यांना बघितलं की सगळ्यांच्या आधी आत सोडते. बाहेर बसवलं तर आजारी माणसंसुद्धा आपला नंबर सोडून ऐकत बसतात, हा तिचा अनुभव. इंग्रजी मोडकंतोडकं, पण हातवारे एकदम अस्सल.

अशा माणसाला नात तनिषानं शनिवारी सोफ्यावर समोर बसवलं आणि म्हणाली, "आजोबा, उद्या प्लीज नो स्टोरीज. एक पण नाही. समरची फॅमिली फर्स्ट टाइम भेटतोय."

कडूबांनी अटी नीट विचारून घेतल्या. लहानशी चालेल का? नाही. समोरच्यानं स्वतःहून विचारलं तर? तरी नाही. नुसता शेवट सांगितला आणि सुरुवात गाळली तर? तनिषानं डोक्याला हात लावला. पोरीचे डोळे बघून मग त्यांनी वचन देऊन टाकलं. समर बेसिंगस्टोकला तिच्याच ऑफिसात होता. दोघांचं काय चाललंय ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण लग्न हा शब्द अजून कोणी तोंडातून काढला नव्हता. काढला तर दृष्ट लागेल अशी जो तो भीती बाळगून होता. उद्याचा कार्यक्रम म्हणजे फक्त 'डे आउट'.

जागा सुनेनं, राजश्रीनं, शोधली होती. घरी बोलावलं तर बघण्याचा कार्यक्रम वाटतो, हॉटेलात नेलं तर बिलावरून ओढाताण होते. त्यापेक्षा सफरचंदाची बाग बरी. आपल्या हातानं तोडा, पिशवीत भरा, वजन करा, घरी न्या. हात कामात असले की माणसं एकमेकांना निरखत बसत नाहीत, असं तिचं गणित.

रविवारी ऊन पडलं होतं. ऑक्टोबरमधलं ऊन, नुसतं दाखवायला. गाड्या लावायच्या शेतात चिखल होता, आणि त्या चिखलात पाय ठेवताच कडूबांना मास्तरांची सायकल आठवली, जी पावसाळ्यात मास्तरांवर बसून शाळेत यायची. "आमचे मास्तर..." एवढं तोंडातून निघालं आणि तनिषानं वळून पाहिलं. कडूबांनी खोकला काढला.

समरची आई नंदा आणि आजोबा जयंतराव वेम्बलीहून आले होते. जयंतराव लंडनमध्ये बस चालवून रिटायर झालेले. उंच, कडक इस्त्रीचे, गळ्यात मफलर. कडूबांनी "जय भीम" म्हणून हात पुढं केला. जयंतरावांनी तो घट्ट धरून हलवला, बोलायला तोंड उघडलं आणि परत मिटलं.

बागेत शिरताना पाटी होती. कडूबांचा मुलगा प्रज्ञेश यानं ती वाचून दाखवली: चव बघा, जेवण करू नका. कडूबांना तिथंच उपाय सापडला. गोष्ट ओठांवर आली की सफरचंदाचा चावा घ्यायचा. भरल्या तोंडानं बोलू नये हे मास्तरांनी छडी मारून शिकवलं होतं.

पण बाग कसली, गोष्टींचा बाजार. झाडं छातीएवढी, कडेवरच्या पोरानंही फळ तोडावं इतकी. त्यावरून चिंचेच्या झाडावर पंचनामा करायला चढलेला हवालदार आठवला. एक चावा. रसेट जातीचं फळ दिसायला थेट बटाटा, त्यावरून चुलत्याचं बटाट्यानं मोडलेलं साखरपुड्याचं जेवण आठवलं. दोन चावे. ब्रॅम्ली जातीचं तोंडात घातलं तर कैरीच्या वर आंबट, त्यावर तर तीन गोष्टी एकदम उसळल्या. डोळ्यांतून पाणी आलं, पण कडूबांनी ते अख्खं संपवलं.

पलीकडच्या ओळीत जयंतराव तेच करत होते. एक तोड, एक खा. पिशवी रिकामी आणि गाल भरलेले. म्हातारा खादाड दिसतोय, कडूबांच्या मनात आलं. हेही त्यांना कुणाला सांगता येईना.

नंदानं बिचारीनं आपल्या परीनं प्रयत्न केला. हवेबद्दल बोलून झालं, एम-फोर हायवेच्या ट्रॅफिकबद्दल झालं. मग ती हसून कडूबांकडे वळली. "काका, तुमचं नाव फार वेगळं आहे. कसं काय पडलं?"

आता बघा. ही त्यांची सगळ्यात आवडती गोष्ट. चहाच्या दोन फेऱ्यांशिवाय न संपणारी. आयुष्यात पहिल्यांदा कुणी तरी आपण होऊन मागितली होती. कडूबांनी नंदाकडं पाहिलं, तनिषाकडं पाहिलं, हातातल्या कॉक्स सफरचंदाचा मोठा लचका तोडला, मान हलवली आणि चघळत चघळत पुढच्या ओळीत निघून गेले.

नंदाचा चेहरा उतरला. तिनं समरला बाजूला घेतलं. तू तनिषाच्या आजोबांना पसंत दिसत नाहीस, असं ती हळूच म्हणाली. त्याच वेळी इकडे राजश्री प्रज्ञेशला सांगत होती की जयंतराव आल्यापासून एक शब्द बोलले नाहीत, त्यांना आपण चालत नाही वाटतं. असली कुजबूज या घरानं पूर्वी ऐकलेली होती, म्हणून ती चटकन खरीही वाटली. प्रज्ञेश पिशवीतली सफरचंदं उगाच मोजू लागला.

दोन्हीकडचं तनिषाच्या कानावर आलं. ती धावत आजोबांकडे गेली. "आजोबा, समरची आई अपसेट झालीय. त्यांना वाटतंय तुम्हाला समर आवडत नाही. बोला ना काहीतरी."

कडूबांनी शांतपणे घास गिळला. "वचन दिलंय बाई. मराठवाड्याचा माणूस शब्द मोडत नाही."

"मी सोडते तुम्हाला."

"असं कानात नाही सोडायचं. चारचौघांत सोड."

म्हाताऱ्याच्या डोळ्यांत जे चमकलं ते तनिषानं ओळखलं. पण पर्याय नव्हता. बागेत फेरी मारणाऱ्या ट्रॅक्टरमागच्या ट्रेलरमध्ये सगळे गवताच्या गठ्ठ्यांवर समोरासमोर बसले. कुणी कुणाकडं बघेना. ट्रॅक्टर सुरू झाला तशी तनिषा लाल होत उभी राहिली. म्हणाली की आजोबा रागावलेले नाहीत, ते खूप बोलतात म्हणून तिनंच त्यांना आज गोष्टी सांगायची बंदी घातली होती, ते फक्त वचन पाळतायत.

मग समर चोरट्या आवाजात म्हणाला, "ओह नो. मी पण आजोबांना तेच सांगितलं होतं."

कडूबांनी जयंतरावांकडं बघितलं. जयंतरावांनी कडूबांकडं. दोघांच्या हातात अर्धवट खाल्लेलं सफरचंद होतं. दोघांनी ते एकदमच ट्रेलरबाहेर भिरकावलं.

"तर नंदाबाई, तुम्ही नाव विचारलं," कडूबा म्हणाले. आणि धरण फुटलं. त्यांच्या आधीची भावंडं जगली नव्हती. म्हणून आईनं याला जन्मताच उकिरड्यावर ठेवला, शेजारणीनं उचलला, आणि आईनं सूपभर ज्वारी देऊन तिच्याकडून परत विकत घेतला. नाव ठेवलं कडूबा, म्हणजे मरणानं चाखला तरी थुंकून टाकावा. "पण पुढं काय झालं? मी कुणाच्या म्हशी सोडल्या, कुणाची बोरं पाडली, की आमची आई शेजारणीच्या दारात उभी. घे गं तुझं पोरगं परत. शेजारीण म्हणायची, ज्वारी पण परत देते, पण पोरगं नको."

नंदा इतकी हसली की तिला गठ्ठा धरावा लागला.

जयंतरावांचा मफलर सुटला. म्हणाले, असं पोरगं परत करायचं प्रकरण माझ्या बसमध्ये झालंय, त्र्याऐंशी नंबरच्या. पण कडूबा थांबतात कुठले. त्यांचा हवालदार चिंचेवर चढलेलाच होता. बस आणि चिंच एकाच वेळी सुरू झाली. दोघंही बोलत होते, दोघंही ऐकत नव्हते, आणि दोघंही कमालीचे खूश होते. ट्रेलरची फेरी संपली. सगळे उतरले, हे दोघं बसून राहिले. ट्रॅक्टरवाल्यानं विचारलं, तर दोघांनी हातानंच सांगितलं, चलू द्या.

खाली राजश्री आणि नंदा शेजारी शेजारी उभ्या राहून बघत होत्या. आमच्याकडं नाश्त्याला बस सुटते ती झोपेपर्यंत, नंदा म्हणाली. आमच्याकडं रात्री लाइट गेली तरी वायरमन चालू असतो, राजश्रीनं सांगितलं. फोनवर कुणी सेल्सवाला सापडला तर काय होतं, पाहुणे निघताना दारात किती वेळ जातो, दोघींची सगळी दुखणी सारखी निघाली. दोघी जन्माच्या मैत्रिणी असल्यासारख्या बोलत होत्या.

ट्रेलर दुसरी फेरी मारून आला. दोन्ही म्हातारे अजून हातवारे करत होते, आणि पुढं बसलेली अनोळखी इंग्रज पोरं तोंड उघडं टाकून त्यांच्याकडं बघत होती.

राजश्रीनं सुस्कारा सोडला. "नंदा, एक सांगते. लग्नात या दोघांना एका टेबलावर बसवायचं नाही."

"एका हॉलमध्येसुद्धा नको," नंदा म्हणाली.

मग दोघींनी एकदमच तोंडावर हात ठेवला. मागं तनिषा उभी होती. तिच्या हातातली पिशवी कलंडली आणि सफरचंदं चिखलात घरंगळत गेली. ती गोळा करायला समर वाकला, प्रज्ञेश वाकला, पण तनिषा तशीच उभी.

"आई," ती म्हणाली, "काय म्हणालीस?"