रिकाम्या खोलीची खात्री

रिकाम्या जागेवर माझ्या थोरल्या साडूंइतका अविश्वास असणारा माणूस अख्ख्या खानदेशात दुसरा सापडायचा नाही. जळगावच्या त्यांच्या घरी न्हाणीघराचं दार सताड उघडं असलं तरी ते आधी दोनदा टकटक करत, खाकरत आणि मगच आत पाऊल टाकत. एसटी पूर्ण रिकामी असली तरी बसण्याआधी "इथं कोणी आहे का हो?" असं हवेलाच विचारत, क्षणभर थांबत आणि परवानगी मिळाल्यासारखे टेकत. लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेलो, तेव्हा जेवणं उरकल्यावर अक्का, म्हणजे माझी थोरली मेहुणी, खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाली, "तुमचा रुमाल राहिलाय तिथं, तेवढा उचला. नाहीतर तुम्ही परत येईपर्यंत हे त्या खुर्चीवर कोणाला बसू द्यायचे नाहीत." मला वाटलं, नव्या पाहुण्याची चेष्टा चाललीय. पुढच्या वेळी गेलो तेव्हा दुसरा एक विसरलेला रुमाल दिवाणावर होता आणि घरातले सगळे जमिनीवर बसले होते.

पोटापाण्यासाठी ते संगणक दुरुस्त करत. कापसाचं जिनिंग, डेअरी, शीतगृह, जिथं म्हणून संगणक रुसून बसे तिथून त्यांना बोलावणं येई. त्यांना गाडी चालवता येत नसल्यामुळे मला सुट्टी असेल तेव्हा ते माझ्या मोटारसायकलवर मागे बसत. संगणकाशी ते अहोजाहो करत. "काय म्हणताय?" असं स्क्रीनला विचारून चष्मा पुसत, आणि यंत्र जे सांगेल ते खोटं ठरवण्याआधी पूर्ण ऐकून घेत.

एकदा मे महिन्याच्या दुपारी फैजपूरच्या रस्त्यावरच्या एका केळी पिकवण्याच्या केंद्रातून फोन आला. आम्ही पोचलो तेव्हा आवारात चिटपाखरू नव्हतं. मजूर जेवायला गेले होते. ओळीनं बंद खोल्या, आतून पंख्यांची एकसुरी घरघर आणि सगळीकडे केळ्यांचा गोडसर, किंचित मळमळवणारा वास. मॅनेजर एकटाच घाम पुसत बसला होता. खोल्यांचं तापमान दाखवणारी स्क्रीन सकाळी अडकली, म्हणून त्यानं ती जबरदस्तीनं बंद केली होती. आता ती सुरूच होईना. "या नंबरचा डिस्प्ले आधीच चालू आहे म्हणतो," तो म्हणाला. "भाऊ, कोणी नाहीये त्याच्यावर. तरी म्हणतो, आहे!"

साडूंचा चेहरा उजळला. ते मला समजावू लागले, "पाव्हणे, स्क्रीनवर चित्र उभं करणारा जो प्रोग्रॅम असतो ना, तो सुरू होताना एक बारकी फाइल ठेवतो. लॉक फाइल. ही जागा माझी, दुसऱ्यानं येऊ नये. जाताना त्यानं ती उचलायची. पण असा मानगूट धरून मारला, तर फाइल तशीच राहते. नवीन आलेला ती बघून दारातूनच परत फिरतो."

"मग पुसून टाका ना," मॅनेजर म्हणाला.

"आत खरंच कोणी असलं तर? त्या फाइलमध्ये एक आकडा असतो. त्या आकड्याचा प्रोग्रॅम जिवंत आहे का, ते आधी बघायचं." त्यांनी बोटं चालवली आणि एकदम थांबले. "जिवंत आहे."

मॅनेजरनं उगाच मागं वळून पाहिलं. साडू स्क्रीनजवळ वाकले, पुन्हा काही टाइप केलं आणि हसले. "हा तो नव्हे. हा प्रिंटरचं बघणारा. मेलेल्याचा नंबर याला मिळालाय, बंद पडलेला मोबाइल नंबर दुसऱ्याला मिळतो तसा." मग त्यांनी ती लॉक फाइल पुसली, तिच्याच जोडीची दुसऱ्या फोल्डरमध्ये मागे राहिलेली फाइलही पुसली आणि डिस्प्ले सुरू केला. खोल्यांची चित्रं स्क्रीनवर उमटली.

परत निघालो तर मधल्या एका खोलीच्या कडीला पाटी लटकत होती, 'आत माणूस आहे'. "ही नेहमीच राहून जाते," म्हणत मॅनेजरनं ती काढायला हात पुढं केला. साडूंनी त्याचं मनगट धरलं.

"थांबा. आतून कोणीतरी ठोकतंय."

मी श्वास रोखून ऐकलं. पंख्यांच्या घरघरीशिवाय काही नव्हतं. मॅनेजरनंही नकारार्थी मान हलवली. "आत केळी पिकवायचा गॅस सोडलाय, भाऊ. आता उघडलं तर खोलीतला बठ्ठा माल बिघडेल."

"बिघडू द्या," साडू म्हणाले. इतक्या चढ्या आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी स्वतःच कडी काढली.

आतला गार, जड वास अंगावर आला. क्रेटच्या रांगांमागे, भिंतीला टेकून एक म्हातारा हमाल बसला होता. डोळे उघडे आणि पापणी हलत नव्हती. आम्ही तिघांनी त्याला ओढत बाहेर आणलं, निंबाखाली आडवं केलं, वारा घातला. किती वेळ गेला कोण जाणे, पण एकदाची त्याची छाती हलली आणि तो खोकू लागला. बाहेरच्या उन्हाला वैतागून तो आत टेकला होता, डोळा लागला आणि कोणीतरी न बघता कडी लावली होती. दवाखान्यात न्यायला गाडी येईपर्यंत तो चांगला बोलू लागला.

"आबा, बरं झालं तुम्ही दार ठोकलंत," साडू म्हणाले.

म्हातारा त्यांच्याकडे बघत राहिला. "मी नही ठोकं, भाऊ. हातमा जीवच नव्हता."

परतीच्या वाटेवर चहाच्या टपरीवर मी विचारलं, "तुम्ही खरंच ऐकलंत?"

"तुम्ही नाही ऐकलंत?" त्यांनी इतक्या साध्या आश्चर्यानं विचारलं, की मी बशीतला चहा फुंकत बसलो.

आता साडू धुळ्याला मुलीकडे असतात. अक्का गेल्यापासून ते बोलायचे कमी झाले आणि दोन्ही कान तर पार गेले. मध्यंतरी मी भेटायला गेलो तेव्हा ओट्यावर त्यांच्याशेजारी तोच हमाल बसला होता. त्याचं गाव जवळच आहे. अधूनमधून शेवग्याच्या शेंगा घेऊन येतो म्हणे. एकाला ऐकू येत नाही, दुसऱ्याला बोलायची फारशी सवय नाही. दोघं समोरच्या रस्त्याकडे बघत अर्धी दुपार काढतात. मी बसलो तसा तो माझ्याकडे सरकला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "भाऊ, तुम्हले तरी समजनं का, कोन ठोकी ऱ्हायंता?"

मी नाही म्हणून मान हलवली. साडू आमच्या दोघांकडे बघून प्रेमानं हसले. त्यांना वाटलं, आम्ही पाऊसपाण्याचं बोलतोय.