खाकी कव्हरांच्या काकू

"आधी पुस्तक घ्या, मग पंचात करा!" वाचनालयाच्या दारात कुणी गप्पा मारताना दिसला, की काकू त्याच्या हातात पुस्तक कोंबायच्या. मग स्वतःच त्याच्याशी तासभर पंचात, म्हणजे गावभरच्या गप्पा, करायच्या.

नागरवाड्यातलं आमचं वाचनालय म्हणजे एकच खोली. काकू तिथल्या बिनपगारी ग्रंथपाल, मी नावापुरता चिटणीस. सरकारी अनुदान एखाद्या वर्षी यायचं, एखाद्या वर्षी गडप व्हायचं. शेवटी समितीत ठरलं, की दरवर्षीचं कायम अनुदान मंजूर झालं नाही तर कुलूप लावायचं. "लावा की! किल्ली माझ्याकडे आहे," काकू म्हणाल्या. पण त्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही.

अनुदानाच्या तपासणीला साहेब येणार हे कळलं आणि काकूंच्या अंगात आलं. त्यांनी अख्खी गल्ली कामाला लावली. शाळेच्या वह्यांना घालतात तशी खाकी कव्हरं, झाडून सगळ्या पुस्तकांना! खोली अशी देखणी झाली, की आम्ही एकमेकांना टाळ्या दिल्या. कव्हरांवर नावं लिहायची राहिली, हे साहेब दारात उभे राहिल्यावर माझ्या लक्षात आलं.

साहेबांनी कपाटांवरून नजर फिरवली आणि यात कोणतं पुस्तक कुठे आहे, ते गुजरातीत विचारलं. "बेन, आमां कयुं पुस्तक क्यां छे?"

मी खिशात पेन शोधायला लागलो. काकू मात्र खुशीत. "तमे मांगो ने, साहेब!"

"रसोईनुं आपो."

"कढीवाळुं के अथाणांवाळुं?"

साहेब गडबडले. "अथाणांवाळुं."

काकूंनी दोन पुस्तकं हुंगून परत ठेवली आणि तिसरं त्यांच्या हातात दिलं. उघडलं तर लिंबाचं लोणचं! "हिंगाचा वास काही जात नाही याचा," त्या मला म्हणाल्या.

मग साहेबही हट्टाला पेटले. भुताच्या गोष्टी मागितल्या, तर काकूंनी कुणाच्या तरी बाळाने कुरतडलेला कोपरा चाचपून त्या काढल्या. शिवणकामाचं मागितलं, तर ते पलीकडच्या वस्तीत कुणीतरी नेलेलं; म्हणाल्या, "ए तो निजामपुरा गयुं छे. ब्लाउजनुं गळुं बगड्युं!" गल्ली खिदळत होती आणि साहेब हसून हसून डोळे पुसत होते. जाताना ते दारात काकूंशी हळू आवाजात काहीतरी बोलले आणि लोणच्याचं पुस्तक घेऊन गेले. अर्थात, सभासद होऊन.

अनुदान मंजूर झालं, कायमचं! काकूंना पेढे भरवून झाल्यावर मी पत्राचं दुसरं पान वाचलं. पगारी, प्रशिक्षित ग्रंथपाल नेमायची अट होती. काकूंकडे कसलंच प्रमाणपत्र नव्हतं. मला रडूच यायला लागलं.

काकू खो खो हसल्या. "अरे, साहेबांनी दारातच सांगितलं होतं मला. म्हटलं, चालेल, पण कुलूप नको."

नवी ग्रंथपाल मुलगी आली. पहिल्या दिवशी काकूंनी तिला कोणतं पुस्तक कुठे ते दाखवलं, मग तिच्याकडूनच सभासदाचा फॉर्म मागून घेतला. आयुष्यात पहिल्यांदा त्या टेबलाच्या अलीकडे बसल्या होत्या. "इकडून खोली मोठी दिसते की गं!"

काकू गेल्या त्याला आता वर्ष होईल. परवा त्या मुलीने मला विचारलं, "त्यांच्या नावावर एक पुस्तक अजून आहे. घरी निरोप पाठवू का?"

"नको," मी म्हटलं. "पुस्तक तर घेतलंय त्यांनी. आता पंचात करायला येतीलच."