खणाखालचा ठिपका

पुण्यात बसून मी समुद्रातल्या बोटींवर नजर ठेवते असं सांगितलं, की धायरीतल्या आमच्या सोसायटीतल्या एक काकू हमखास विचारतात, "खडकवासल्यात का?" पूर्वी मी हसायचे. यंदा चिडायला लागले आहे.

आमचं ऑफिस स्वारगेटजवळ. भिंतभर पडदा, त्यावर कोकणचा किनारा आणि प्रत्येक बोटीचा एक हिरवा ठिपका. बोटीच्या टपावर एक डबा बसवलेला असतो. तो उन्हावर चार्ज होतो आणि बोट कुठे आहे ते आम्हाला कळवत राहतो. किनाऱ्यालगतच्या पाण्यात मोठ्या बोटींना जाळं ओढायला बंदी आहे, आणि तिथे शिरायचं असलं की काही महाभाग डबाच बंद करतात. म्हणून डबा बंद पडला की ठिपका लाल होतो, परवाना थांबतो, चौकशी लागते. हे सगळं मला मनापासून पटतं. लहान होडीवाल्यांच्या तोंडचा घास पळवणाऱ्यांना चाप बसायलाच हवा.

पण नारळी पौर्णिमेनंतर एक ठिपका लाल झाला, तोही नेमका बंदीच्या हद्दीशी. मी बोटीच्या तांडेलांना फोन लावला. तांडेल म्हणजे बोट चालवणारे प्रमुख. ही बोट त्यांच्या स्वतःच्याच मालकीची. त्यांनी काहीही आडपडदा ठेवला नाही.

"ताई, डबा मीच झाकला. पुनवेला बोट पुजली. इंजिनाला हार घातला, जाळ्याला घातला. हा डबा आमची राखण करतो म्हणता ना तुम्ही? मग त्याला देवीचा खण नको? आणि पहिली मासळी घेऊन परत येईपर्यंत तो खण काढायचा नसतो."

मला हसू आलं आणि गलबलूनही आलं. ज्या डब्याला बाकीचे शिव्या घालतात, त्याला या माणसाने खण पांघरला होता! खणाखाली ऊन पोचलं नाही, बॅटरी उतरली, डबा गप्प झाला. एवढंच.

साहेबांना सांगितलं, तर स्क्रीनवरून मानही न वळवता म्हणाले, "आपल्याकडे कारणं दोनच. यंत्राचा बिघाड, नाहीतर हेतुपुरस्सर बंद. देवी कुठल्या रकान्यात बसते, ते आपणच सांगा."

मग मी तांडेलांना म्हटलं, बिघाड झाला असं सांगून मोकळे व्हा. त्याच आठवड्यात एका बड्या मालकाने "यंत्र बिघडलं" एवढंच कळवून आपली बोट सोडवून नेली होती. कोणी चकार शब्द काढला नव्हता.

"देवीच्या खणाने बिघाड केला म्हणू?" तांडेल म्हणाले. "ते माझ्या तोंडून नाही यायचं, ताई."

मला त्यांचाही राग आला. अहो, एवढं कसलं खरं बोलायचं! शेवटी कारण हेतुपुरस्सर असंच नोंदलं गेलं. मी मेलवर मेल पाठवले. वरच्यांनी ते खाली ढकलले, खालच्यांनी वर. उत्तर एकच, प्रकरण विचाराधीन आहे. तोवर पाऊस ओसरला, समुद्र निवळला, मासळीचे ऐन दिवस आले. बाकीचे ठिपके जात-येत होते आणि हा एक बंदराला चिकटलेला. त्या बोटीवरचे खलाशी एकेक करून दुसऱ्या बोटींवर निघून गेले. गेलेला हंगाम कोणी परत आणून देत नाही. तांडेल मात्र रोज सकाळी फोन करून शांतपणे विचारायचे, "आमचं काय झालं?" त्यांनी आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं.

खंडेनवमीला साहेब स्वतः मार्केट यार्डातून झेंडू घेऊन आले. या बाबतीत भारी हौशी माणूस. कीबोर्डना हळदकुंकू लागलं, प्रिंटरला हार पडला, आणि भिंतीवरच्या पडद्यावर त्यांनी अशा जाडजूड माळा सोडल्या की अर्धा किनारा त्यांच्याखाली गेला. माझा तो ठिपकाही.

"साहेब, पडदा झाकला गेलाय," मी म्हटलं. "कारण काय लिहू? बिघाड, की हेतुपुरस्सर?"

पेढ्यांचा बॉक्स हातात तसाच राहिला. "अहो, पूजा आहे ती," ते म्हणाले. "उद्यापर्यंत काढायची नसते."

बोलून झाल्यावर ते जरा घुटमळले, मग पुढच्या टेबलाकडे पेढे द्यायला गेले. माळा तशाच राहिल्या.

तेवढ्यात तांडेलांचा फोन आला. आज त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला नाही.

"ताई, बोटीवर पूजा केली. डब्याला हार घातला, पण बाजूने घातला हां, ऊन अजिबात अडवलेलं नाही. ठिपका दिसतोय ना तुम्हाला?"

मी पडद्याकडे पाहिलं.

"नाही," मी म्हणाले. "आमच्याकडे पूजा आहे."