दारात आडवा पाय

आमच्या घराला पूर्वी चांगला वीतभर उंच उंबरठा होता. सासूबाईंना वॉकर आला तेव्हा यजमानांनी तो काढून टाकला आणि बैठकीच्या खोलीपासून ओटीपर्यंत एकसारखी गुळगुळीत फरशी घातली. सासूबाईंची सोय झाली. पुढे दोन वर्षांनी मला पार्किन्सन्स झाला आणि नेमके त्याच दारात माझे पाय अडकायला लागले.

अडकायला म्हणजे खरोखर अडकायला. खोलीतून बरी चालत यायचे, दार आलं की तळपाय फरशीला डिंकाने चिकटवल्यासारखे व्हायचे. अंग पुढे जायला बघायचं, पाय तिथेच. दुखत काही नाही, नुसतं उभं राहायचं. मागच्या दारच्या जांभ्याच्या पायऱ्या मात्र मी आजही न धरता चढते. त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं, बाई नाटक करतेय. एका शेजारणीने तसं बोलूनही दाखवलं. मी तिला चहा न देता परत पाठवलं.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी कारण सांगितलं. पायासमोर ओलांडायला काही असलं की पाऊल सुटतं. काठी आडवी ठेवा, नाहीतर कुणीतरी आपला पाय आडवा धरा. आधी काठी ठेवली. ती पायाखाली घरंगळली, मी पडले आणि मनगट सहा आठवडे प्लास्टरमध्ये गेलं. मग यजमानांनी स्वतःचा पाय पुढे केला. ओटीवरच्या खुर्चीतून सासूबाई कडाडल्या, "नवऱ्याचा पाय ओलांडतात काय गो?" यांनी पाय असा मागे घेतला की जणू विंचू दिसला. आमचे हे सत्तरीचे आहेत, पण आईपुढे अजून तिसरीत.

सासूबाईंचा हा नियम मला नवा नव्हता. लग्न होऊन आठ दिवस झाले असतील, नणंद पाय पसरून बसली होती आणि मी घाईत तिचे पाय ओलांडून गेले. सासूबाईंनी हातातलं ताट खाली ठेवायला लावलं, मला उलटं ओलांडायला लावलं, वर नमस्कार करायला लावला. "उलटं ओलांडलं की फिटतं," म्हणाल्या. लहान मुलाला ओलांडलं तर त्याची वाढ खुंटते, हेही त्यांचंच. माझा मुलगा जमिनीवर झोपलेला असताना स्वयंपाकाच्या गडबडीत मी त्याला कितीदा ओलांडलं असेल. तो सहा फुटाला आला. पण हे त्यांना सांगायची माझी कधी छाती झाली नाही.

पाय नको म्हटल्यावर हे मला हाताला धरून ओढायला लागले. ओढलं की अंग येतं, पाय येत नाहीत. पुन्हा पडण्याच्या धास्तीने मी दाराकडे जायचंच सोडलं. मागच्या दारातून फाटकाकडे यायला वाट नाही. त्याबरोबर मासेही गेले.

पस्तीस वर्षं फाटकात उभं राहून मासे मी घेतले. कल्ला उघडून आतून लाल आहे ना बघायचं, पाठीवर बोट दाबून बघायचं, मासेवालीशी भांडायचं आणि तिच्याकडूनच घ्यायचे. आता हे जातात. ते तिच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारतात आणि पांढऱ्या डोळ्यांचे शिळे बांगडे घेऊन येतात. मी मुकाट्याने खायचे. घरात मासे कोणी निवडायचे, एवढीच सत्ता माझ्याकडे उरली होती. ती गेली याचं मला आजारापेक्षा जास्त वाईट वाटत होतं.

त्या दिवशी हे नणंदेला बसमध्ये बसवून द्यायला हातखंब्याला गेले होते. घरात सासूबाई आणि मी. दहाच्या सुमारास फाटकातून हाक आली, "वयनी, बांगडे हायत ताजे!" आज मीच जाणार, असं मनाशी म्हटलं आणि उठले. दारापर्यंत आले. पाय थांबले.

"आले, थांब," मी ओरडले. म्हणजे मला वाटलं ओरडले. या आजारात आवाजही खाली बसतो. माझा आवाज ओटीच्या कडेपर्यंतही गेला नसेल. बाहेरून आलं, "जाते हां मी!" माझ्या डोळ्यांत पाणी आलं. साठी उलटलेली बाई बांगड्यांसाठी दारात उभी राहून रडते, याची लाज वाटली.

"थांब गो! येतेय ती!" हा आवाज सासूबाईंचा. त्यांच्या आवाजाला अठ्ठ्याऐंशीव्या वर्षीही काही झालेलं नाही. त्यांची खुर्ची दाराला लागूनच असते. त्यांनी लुगडं जरा वर घेतलं आणि उजवा पाय माझ्यासमोर आडवा सरळ केला.

"ओलांड."

"तुमचा?"

"माझाच. दुसरा कोणाचा हाय इथे?"

सुजलेला घोटा, भेगा पडलेली टाच. या पायाला मी तेल चोळलं होतं, दर दिवाळीला डोकं टेकलं होतं. मी त्याच्याकडे बघितलं आणि माझं पाऊल उचललं गेलं. ओटी, अंगण, फाटक. कुणाचा हात धरला नाही.

मासेवालीने माझ्या थरथरत्या बोटांकडे एकदा पाहिलं. मग तिनेच एकेका बांगड्याचा कल्ला उघडून माझ्यापुढे धरला. मी सहा निवडले, दोन परत केले आणि भावावरून भांडलेसुद्धा. या सगळ्यात बराच वेळ गेला.

पिशवी घेऊन परत आले तर तो पाय तसाच होता, दारात आडवा. मी जाऊन येईपर्यंत सासूबाईंनी तो खाली घेतलाच नव्हता. मांडीखाली दोन्ही हात घालून त्यांनी तो उचलून धरला होता आणि तो लटलटत होता.

"उलटं ओलांड आता," त्या म्हणाल्या. "म्हणजे फिटलं. लवकर, पाय मेलाय माझा."

मी ओलांडलं. तेव्हा कुठे त्यांनी हातांनीच पाय खाली ठेवला. आता नमस्कार करायचा असतो, मला माहीत होतं. मी वाकायला गेले आणि तोल जायला लागला, तसा त्यांनी माझा पदर घट्ट धरला.

"वाकू नको," त्या म्हणाल्या. "उद्या परत जायचंय ना?"