माझ्या टाचांकडे बघ

"आधी दम खा, मग फोटो काढा," असं म्हणत काका मागे न बघताच उजवा हात आडवा पसरायचे. शेवटचा चढ संपला की झाडी एकदम सरते आणि खाली तलाव दिसतो. नवखी माणसं मोबाइल उंचावून थेट कड्याच्या टोकाशी धावत. त्या हाताशी येऊन सगळे थांबत.

डहाणू रोड स्टेशनात ते पार्सल ऑफिसात होते आणि मी तिकीट खिडकीवर. हमालांपासून मास्तरांपर्यंत सगळे त्यांना काकाच म्हणत. वर्षानुवर्षं चिकूचे खोके हाताळून त्यांच्या शर्टाला पिकल्या चिकूचा वास लागला होता, तो निवृत्तीनंतरही गेला नाही. निवृत्त झाले आणि दर रविवारी आम्हा पाच-सहा जणांना घेऊन आशागडवरून तलासरीच्या बाजूला जायला लागले. तिकडे नदी अडवून झालेला मोठा तलाव आहे. आमच्याकडे त्याला नुसतं 'धरण' म्हणतात. त्याच्या कडेच्या टेकड्यांवरच्या पायवाटा त्यांनी एकेक करून शोधल्या होत्या.

त्यांच्या पिशवीत पाणी, भाकरी आणि सुतळीचं बंडल असायचं. एकदा माझ्या बुटाचा तळ निघाला, तर त्यांनी मला दगडावर बसवून बूट पायासकट बांधून टाकला. गाठ मारून म्हणाले, "लेबल लावू? कुठे पाठवायचं?"

पण घाबरलेल्या माणसाची थट्टा त्यांनी कधी केली नाही. बोर्डीच्या एक शिक्षिका एकदा उतारावर मध्येच थिजल्या. खाली पाणी, पायाखाली घसरडी माती. ना पुढे, ना मागे. रडायलाच लागल्या. काका त्यांच्यापुढे जाऊन पाठ करून उभे राहिले. "भीती वाटते त्यात लाजायचं काय? मलाही वाटते. पाण्याकडे बघू नका, माझ्या टाचांकडे बघा." त्या टाचांकडे बघत बाई खाली आल्या.

असं एखादं माणूस तुमच्याही ओळखीत असेल. त्याच्या मागून चालताना आपण वाटेकडे बघतच नाही. आम्हीही कधी बघितलं नाही.

त्या रविवारी बाकीचे एका लग्नाला गेले होते, म्हणून आम्ही दोघंच निघालो. उन्हाळा लागला होता. सागाची पानं गळून सगळी जमीन झाकली गेली होती, वाट कुठली आणि रान कुठलं ते कळत नव्हतं. एका वळणावर काका थांबले. डावीकडे गेले, परत आले. उजवीकडे गेलो. बरंच चाललो आणि मघाशी लागलेलं मोठं वारूळ पुन्हा समोर आलं.

"काका, चुकलो का आपण?"

ते भराभर चालत सुटले. मी मागे धावत होतो. तलाव कुठेच दिसत नव्हता, मोबाइलला रेंज नव्हती आणि त्याच आठवड्यात त्या बाजूला बिबट्या दिसल्याचं पाड्यावरचे लोक सांगत होते. वाळक्या पानांवर आमचीच पावलं वाजत होती, तरी मी दोनदा मागे वळून पाहिलं.

एका मोहाच्या झाडाखाली ते मटकन बसले. गुडघ्यांना मिठी मारली. मी खांद्यावर हात ठेवला, तर अंग चोरून घेतलं.

"हात लावू नका." मग माझ्याकडे निरखून पाहत विचारलं, "तुम्ही कोणाकडे आलात?"

इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. बिबट्याची भीती त्या एका शब्दापुढे काहीच नव्हती. मी माझं नाव सांगितलं, स्टेशन सांगितलं, तिकीट खिडकी सांगितली. ते ओठ चाटत ऐकत राहिले. "मला घरी सोडतील ना?" त्यांनी हळूच विचारलं.

काय करावं सुचेना. त्यांना तिथे टाकून मदत आणायला जावं, तर मला वाट कुठे माहीत होती? माझ्या तोंडून निघून गेलं, "काका, मला फार भीती वाटतेय हो."

त्यांनी वर पाहिलं.

"भीती वाटते?" म्हणाले. "त्यात लाजायचं काय?"

झाडाला धरून ते उठले, धोतरावरची माती झटकली आणि माझ्याकडे पाठ केली. "माझ्या टाचांकडे बघ."

आणि चालायला लागले. मी मागोमाग निघालो. काही विचारलं तर सगळं पुन्हा निसटेल असं वाटत होतं. त्यांच्या भेगाळलेल्या टाचा तेवढ्या पाहत गेलो. त्या कुठे अडखळल्या नाहीत, कुठे थांबल्या नाहीत. झाडी विरळ झाली, पाण्याची चमक दिसली आणि आम्ही स्कूटर लावलेल्या टपरीपाशी उतरलो.

चहा पिताना ते म्हणाले, "आज बाकीचे का आले नाहीत रे?"

घरी सोडायला गेलो, तेव्हा काकूंना आत स्वयंपाकघरात सगळं सांगितलं. त्यांनी गॅस बारीक केला. "मला माहीत होतं," म्हणाल्या. "बाहेर अजून कोणाला दिसलं नव्हतं, एवढंच."

त्यानंतर काका टेकडीवर गेले नाहीत. ओट्यावर बसून असायचे. कधी मला ओळखायचे, कधी नुसतेच अदबीने नमस्कार करायचे. गेल्या वर्षी झोपेतच गेले.

दिवस झाल्यावर काकूंचा फोन आला. "मला एकदा तिथे न्याल?" इतके रविवार काका गेले, पण त्या कधीच आल्या नव्हत्या. मी आणि त्या बोर्डीच्या शिक्षिका, आम्ही दोघांनी त्यांना हळूहळू वर नेलं. मोकळ्या कड्यावरून तलाव दाखवला. वारा होता, पाणी चमकत होतं. काकूंनी पदर सावरून क्षणभर पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"हे छान आहे," त्या म्हणाल्या. "पण हे घाबरले होते ती जागा कुठली?"

शोधायला वेळ लागला. मोह फुलला होता, खाली फुलांचा सडा पडला होता. मी बोट दाखवलं. काकूंनी चपला काढल्या आणि बुंध्याला टेकून खाली बसल्या.

"तुम्ही व्हा पुढे," त्या म्हणाल्या. "मी जरा बसते यांच्याजवळ."