जगदेवीचे दीडशे मेसेज

इरप्पाअण्णा वयाच्या बावन्नाव्या वर्षी एबीसीडी शिकले, ते फक्त लेकीचे मेसेज वाचायला. कर्नाटकातल्या मादन हिप्परग्याच्या शेतकी सोसायटीत ते शिपाई होते. बाप-आजा मेंढरांमागं हिंडलेले, यांच्या वाट्याला खताच्या पोत्यांची राखण आली. मराठी वाचायचे, कन्नड वाचायचे, शिव्या तेवढ्या दखनीत द्यायचे. इंग्रजीशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं.

२००८च्या उन्हाळ्यात त्यांच्या एकुलत्या एका लेकीचं, जगदेवीचं, लग्न झालं. जावई पुण्याला कारखान्यात. अण्णांनी तिला लग्नात एक साधा मोबाईल दिला आणि तसलाच स्वतःला घेतला. सासर एका खोलीचं, सासू दिवसभर घरात. फोनवर बोललेलं सगळं तिच्या कानावर जायचं. म्हणून जगदेवीनं बापाला बजावलं, "अप्पा, तुम्ही फोन करू नगा. मीच मेसेज टाकते." त्या फोनमध्ये मराठी अक्षरं नव्हती, म्हणून ती मराठीच इंग्रजी अक्षरांत लिहायची. अण्णांनी बाजारातून अंकलिपी आणली आणि दीड महिन्यात अडखळत का होईना, वाचायला लागले. त्यांच्या बायकोला, सुभद्राबाईंना, ते रोज संध्याकाळी मेसेज वाचून दाखवायचे. त्यातले काही मनातच वाचायचे.

माझं तालुक्याच्या गावी, आळंदच्या बसस्टँडसमोर, इंटरनेटचं दुकान होतं. हैदराबादला कोर्स करून आलो होतो आणि डोक्यात फुकटच्या, पण इमानदार सॉफ्टवेअरचं खूळ भरलं होतं. चोरीची सीडी माझ्या दुकानात चालत नसे. कुठलंही सॉफ्टवेअर मी पारखून घ्यायचो, आणि पारखण्यात माझा हात धरणारा तालुक्यात कोणी नाही, असं मला वाटायचं. ही ऐट कुणाला भोवली, तेच सांगायला बसलोय.

२००९च्या आषाढात अण्णा बाजारच्या दिवशी दुकानात आले. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोन त्यांनी माझ्यासमोर ठेवला.

"प्रेमानंद सर, ह्यात लेकीची बोलणी हायती. फोन पडला, भिजला तर समदी जातील. कम्प्युटरात घालून द्या. पण नीट लावून पायजे, हवं ते पटकन घावलं पायजे."

मी मोजले तर एकशे अठ्ठेचाळीस मेसेज होते. अण्णांनी आपल्या मनानं त्यांचे मथळेही ठरवून आणले होते. जेवणाचे एकीकडं, नळाच्या पाण्याचे एकीकडं, हसून लिहिलेले वेगळे. आणि एक मथळा होता, 'आईला सांगू नका'.

मी म्हटलं, "सोपं आहे. प्रत्येक मेसेज एकेका मथळ्याखाली टाकू."

"एका न्हाई. काही काही दोन्हीकडं पायजेत. हे बगा, हितं जेवणाचं हाय, पण हे आईला सांगायचं न्हाई."

तो मेसेज मी वाचला. 'आज दोनदा जेवले अप्पा' एवढाच होता. म्हणजे बाकीचे दिवस काय, ते मी विचारलं नाही.

"एक मेंढरू दोन कळपांत कसं घालायचं, अण्णा?" मी थट्टेनं म्हटलं.

"पोरगी दोन घरची असतीयच की," ते म्हणाले.

मला ते इतकं आवडलं की त्यांच्यासाठी सगळ्यात चांगलं सॉफ्टवेअर शोधायचंच, अशी मी मनाशी गाठ बांधली. त्यांना म्हटलं, "मिळेपर्यंत यातला एकही मेसेज पुसू नका. घाईनं केलं तर मातेरं होईल." अण्णा शिकलेल्या माणसाचं ऐकणारे. त्यांनी ऐकलं.

मग माझी पारख सुरू झाली. पहिलं सॉफ्टवेअर दिसायला देखणं, पण तीस दिवसांनी डॉलर मागणारं. दुसऱ्यात मराठी लिहून ठेवलं की सकाळी नुसती प्रश्नचिन्हं. तिसरं इंटरनेटशिवाय उघडायचंच नाही, आणि आमच्याकडं वीज दिवसातून सहा तास. चौथं सगळं करायचं, पण एक तुकडा दोन मथळ्यांखाली घेत नव्हतं. ते त्याच दिवशी घेतलं असतं आणि मेसेज उतरवून फोन मोकळा केला असता, तर काम भागलं असतं. मी नाही घेतलं. मी अण्णांना म्हणालो, अजून थांबा.

इथं आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. लेक माहेराला आपली आपण येत नाही. सासरहून निरोप येतो, मग बाप नाहीतर भाऊ मुराळी म्हणून जातो आणि तिला घेऊन येतो. निरोपाआधी मुराळी दारात उभा राहिला, तर सासरचे ते मनाला लावून घेतात आणि त्याचं उट्टं लेकीवर निघतं. जगदेवीला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरचं. श्रावणात सातवा संपत होता, आणि अण्णा निरोपाची वाट बघत होते.

मधल्या एका बाजारच्या दिवशी ते आले तेव्हा चेहरा उतरलेला होता.

"पोरीचा मेसेज न्हाई आला धा दिस झाले. मी खुशाली इचारलो, तरी न्हाई."

"बॅलन्स संपला असेल," मी म्हटलं.

"जावयाला फोन लावलो. बरी हाय म्हणला, ठेवून दिला." मग फोन माझ्यापुढं धरून म्हणाले, "आन हे पाकीट उघडझाप करायलंय. माझा मेसेज वाटंला लागलाय म्हणून दावतंय न्हवं?"

माझं लक्ष स्क्रीनवर होतं. पाचवं सॉफ्टवेअर उतरत होतं. मी मान वर न करताच म्हणालो, "असंल. करू दे."

त्या फोनमध्ये दीडशेच मेसेज मावत होते. ते भरले की पडद्यावर पाकिटाचं चित्र लुकलुकतं. जागा करा, नवे मेसेज बाहेर उभे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. हे मला ठाऊक होतं. नुसती मान वर केली असती तरी पुरलं असतं.

पाचवं सॉफ्टवेअर मनासारखं निघालं. फुकट, विनाइंटरनेट चालणारं, मराठी धरून ठेवणारं, आणि एक तुकडा हव्या तितक्या मथळ्यांखाली घेणारं. मी आनंदानं सोसायटीत फोन लावला. तिथं कळलं की अण्णा पहाटेच पुण्याला गेले. जावयाचा फोन आला होता. जगदेवी आठव्यातच बाळंत झाली. मूल गेलं होतं.

आठ दिवसांनी अण्णा परत आले ते घरी न जाता माझ्याकडं. बाकावर बसले आणि पुण्यात काय झालं ते त्यांनी एका दमात सांगितलं.

जगदेवी भिंतीकडं तोंड करून निजली होती. अण्णांनी डोक्यावर हात ठेवला तरी वळली नाही. मग म्हणाली, "बावीस मेसेज टाकले, अप्पा."

"मला एकबी न्हाई आला, माय."

"आदीचे बरे समदे आले," ती म्हणाली.

अण्णांनी विचारलं, काय लिहिलं होतंस? ती म्हणाली, आता कशाला पायजे. तिच्या फोनमध्येही काही नव्हतं, कारण सासूच्या हाती लागू नये म्हणून ती पाठवलेलं लगेच पुसून टाकायची. सोबत चल म्हटलं तर आली नाही. अण्णा एकटेच एसटीत बसले.

मी त्यांचा फोन हातात घेतला आणि सगळं समजावून सांगितलं. जागा भरली होती, पाकीट म्हणजे काय, आणि थांबा म्हणणारा मी होतो, हेही. ते मला दखनीतली एखादी शिवी देतील असं वाटलं. दिली असती तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "आता जागा केली तर येतील का?"

मी एक जुना मेसेज आधी कम्प्युटरात उतरवून घेतला आणि मग फोनमधून पुसला. पाकीट थांबलं. आम्ही दोघं बसून राहिलो. अर्धा तास गेला, गिऱ्हाईक येऊन गेलं, फोन गप्पच होता.

"कंपनी थोडे दिवस ठेवते, मग टाकून देते," मी म्हणालो.

"टपालाचं पाकीट तर परत येतंय की," अण्णा म्हणाले आणि रडायला लागले. मीही रडलो. कुणाला लपवायचं होतं?

त्यानंतर जगदेवी माहेरी आली नाही असं नाही. दोन-तीनदा आली, बापाशी नीट बोलली, त्यांच्या पायाला तेलही चोळलं. पण मेसेज तिनं पुन्हा कधी टाकला नाही. काय लिहिलं होतं, तेही सांगितलं नाही.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी अण्णा एकदा दुकानात आले. एकशे अठ्ठेचाळीस मी लावून दिले होते, आणि भरता भरता आलेले शेवटचे दोनही. ते म्हणाले, "अजून बावीस घरं करा, सर. न आलेले."

मी नवा मथळा केला आणि पहिलं घर उघडलं. पण ते सॉफ्टवेअर रिकामी नोंद ठेवून घेत नव्हतं. बंद केली की ती नाहीशीच व्हायची. दोनदा करून बघितलं.

"अण्णा, रिकामं राहत नाही. काहीतरी लिहावं लागतं."

त्यांनी स्क्रीनवरच्या रिकाम्या चौकटीवर बोट ठेवलं.

"न्यायला या म्हणूनच लिव्हली असंल," ते म्हणाले. "दुसरं काय लिव्हील. व्हय म्हणून लिव्हा."

"सगळीकडं?"

"समदीकडं."

एकदा लिहून बावीस जागी चिकटवता आलं असतं. माझा हात धजला नाही. मी दर वेळी नवं घर उघडायचो, 'व्हय' टाइप करायचो, बंद करायचो. अण्णा शेजारी उभे होते आणि प्रत्येक वेळी मान हलवत होते.