दाब, धर, सोड

दूध उतू जायच्या बेतात होतं, सासूबाई डोक्यावरचाच चष्मा घरभर शोधत होत्या, आणि दारावर थाप पडली. गॅस बारीक करून मी दार उघडलं. दारात मिस्त्री. गल्लीच्या टोकाला त्यांचं गॅरेज. हात स्वच्छ धुतलेले, म्हणजे कामातून उठून मुद्दाम आलेले.

"गाडी झाली का रे? की भंगारात घातलीस?" सासूबाईंनी आतून विचारलं.

"भंगारात तिच्याआधी मी जाईन, आई," ते म्हणाले. हसले मात्र नाहीत.

गाडी जुनी. करकचून ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी पेटी बंद पडलेली, आणि तशी आता कुठे मिळत नाही. सगळ्यांनी सांगितलं, विकून टाका. पण सासूबाईंच्या गुडघ्यांना त्याच गाडीत चढता-उतरता येतं. दवाखान्याच्या खेपा तिच्यातूनच. मिस्त्री म्हणाले, पेटी काढू, पण ब्रेकच्या तेलाच्या जुन्या नळ्यांना ठिगळ लावणार नाही. "गंजक्या नळीच्या भरवशावर माणूस बसवायचा नाही." त्यांनी चारही चाकांपर्यंत नव्या नळ्या टाकल्या, मागच्या चाकांचा जोर आवरायला झडप बसवली. यांनाही बजावलं, "आता जोरात दाबलंत तर गाडी घसरेल. बेतानं."

बायको गेल्यानंतरचं मिस्त्रींचं हे पहिलंच काम.

नव्या नळ्यांतली हवा काढायला दोन माणसं लागतात. एक खाली चाकाशी स्क्रू सैल करायला, दुसरं वर पेडलवर. खालचा स्क्रू आवळायच्या आधी वरच्यानं पाय सोडला की हवा परत आत. वर कायम मिस्त्रीणबाई बसायच्या, मांडीवर मटारचं ताट घेऊन. गल्ली चिडवायची, "बाईंना रोज नवी गाडी, पण एक जागची हलेल तर शपथ!" त्या म्हणायच्या, "हलली तर खालचा माणूस जाईल ना माझा." मीही दुपारी शेजारच्या सीटवर जाऊन बसे, मटार सोलू लागे. मध्येच खालून आवाज यायचा, "दाब." "दाबलं." "धर." "धरलं." "सोड." कडाक्याचं भांडण झालं की दिवसभर नवराबायकोत तेवढंच बोलणं. पण त्यांचा पाय कधी आधी सुटला नाही. शेवटच्या आजारातसुद्धा पाठीला उशी लावून येऊन बसायच्या.

"बसा ना, चहा टाकते," मी म्हटलं.

ते बसले नाहीत. "नळ्या झाल्या. हवा राहिलीय. एकट्यानं फळी टेकवून बघितलं, पेडल पोकळच लागतं. सुताराला बसवलं, तर तो मी सांगायच्या आत सोडतो."

"यांना पाठवू?"

"दादा एका हातात फोन धरून दाबतील."

"ऐकू येतंय मला!" न्हाणीघरातून हे ओरडले.

मिस्त्रींनी चपलेच्या टोकानं पायपुसणं सरळ केलं. "आज नाही जमलं, तर गाडी दुसऱ्या कुणाकडे न्या. शटर ओढून किल्ली जागेच्या मालकाला देईन म्हणतो."

मी गॅस बंद केला.

"तुम्ही तिच्या शेजारी बसायचात," ते म्हणाले. "वहिनी, येऊन ब्रेकवर पाय ठेवाल का? मी सोड म्हणेपर्यंत सोडू नका, एवढंच."